यादीतला ‘बा.’

पक्षात यादीकाकांचं स्थान दाराआडच्या खुंटीसारखं होतं. कौतुक कुणी करत नसे, पण ती नसती तर सगळ्यांचे कोट जमिनीवर लोळले असते. तेहतीस वर्षं आणि सात निवडणुका त्यांनी वॉर्डाची मतदारयादी सांभाळली होती. उमेदवार आले, निवडून आले, आपटले, दुसऱ्या पक्षात गेले, एक तर प्रचार चालू असतानाच वारले. यादी मात्र पक्षकचेरीतल्या काकांच्याच कपाटात राहिली.

दोन हजार एकशे अठरा नावं, सगळी काकांच्या हातची, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण. बरोबरची खूण म्हणजे आपला. फुली म्हणजे त्यांचा. फुलीभोवती गोल म्हणजे त्यांचा, पण चहा पाजतो. आणि ‘बा.’ म्हणजे बाहेरगावी. कुणी नोकरीला, कुणी बोटीवर, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. तिथे जाऊन कार्यकर्त्यांनी उगाच चपला झिजवू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. कुणी विचारलं की काका सांगत. हल्ली कुणी विचारत नसे.

या वेळचा उमेदवार नवा होता. त्याचा बर्फाचा कारखाना, म्हणून सगळे त्याला बर्फवाले म्हणत. परीटघडीचा पांढरा सदरा, हळू आवाज, आणि समोरच्याकडे बघताना पापणी न हलवायची सवय. पहिल्याच सभेत त्याने लोकांचा टाळ्यांचा हात मोकळा केला. “उन्हाने काळा झालेला माणूस कोण आणि जन्माने काळा कोण,” तो म्हणाला, “हे मला लांबून ओळखता येतं. तुम्हाला येतं की नाही?”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ‘वर्णद्वेषी उमेदवार’ असा मथळा दिला. सकाळी पक्षाने सांगितलं, साहेब असं बोललेच नाहीत. दुपारी सांगितलं, बोलले, पण उन्हात राबणाऱ्यांच्या कौतुकाने बोलले. संध्याकाळपर्यंत अर्धा वॉर्ड म्हणत होता, बोलले तर बोलले, खोटं काय आहे त्यात? हा तिसरा टप्पा काकांनी मनात टिपून ठेवला. पूर्वी असलं बोलणं झाकायला पक्षाचा आठवडा जायचा. आता झाकायचं कामच उरलं नव्हतं.

काकांची सून पलीकडची. म्हणजे तिचे आजोबा समुद्रापलीकडून आलेले. ती स्वतः याच वॉर्डातल्या दवाखान्यात जन्मलेली आणि आता त्याच दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायची. नवरा बोटीवर, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच, आणि दोघांची गट्टी.

“बाबा,” बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, “मी कुठल्या खान्यात? उन्हाच्या की जन्माच्या?”

“अगं, निवडणुकीत माणसं बरळतात.”

“बरळतानाच खरं बोलतात. रोज सुई टोचते मी. टोचल्यावर लोक काय काय बोलून जातात, ऐका एकदा.”

“माझ्या यादीत तुझ्यापुढे बरोबरची खूण आहे. विषय संपला.”

“मला न विचारताच केलीत ना?” ती हसली आणि गेली.

काका हसले नाहीत. महिन्यापूर्वी तिच्या मामावर कुणीतरी हरकतीचा अर्ज केला होता: हा मतदार इथला नाही. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षांचं दुकान. त्याला तपासणी कार्यालयात बोलावलं. गेला तो नऊ दिवसांनी परत आला. तिथे काय झालं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. दुकानही उघडलं नाही. आतली घड्याळं एकेक करून बंद पडली, तरी तो किल्ली द्यायला उठला नाही. असा एक कागद सुनेच्या नावाने निघू नये, एवढीच काकांची या निवडणुकीकडून अपेक्षा उरली होती.

मंगळवारी कचेरीतून बोलावणं आलं. टेबलापाशी टायवाला बसला होता. हा बर्फवाल्यांनी सोबत आणलेला मदतनीस. उकाड्यातही टायची गाठ सैल करायचा नाही. त्याच्यापुढे हरकतीच्या अर्जांची चळत होती.

“काका, पायाचं तीर्थ घेऊ का तुमचं?” तो उठून म्हणाला. “आम्ही महिनाभर डोकं खाजवत होतो, आणि तुम्ही काम करून कपाटात ठेवलेलं! एकशे सेहेचाळीस बाहेरचे. एकेकापुढे ‘बा.’ लिहून तयार. सगळे अर्ज आज सकाळीच दाखल केले. या प्रती.”

काकांनी वरचा कागद उचलला. शिवणकाम करणाऱ्या बाईंचं नाव. त्या सहा महिने लेकीकडे राहून नुकत्याच परतल्या होत्या. खाली बेकरीवाला, तो मध्यंतरी दुसऱ्या शहरात भट्टी लावून आला होता. त्याखाली शाळामास्तरांचा मुलगा.

“तुमच्या मुलापुढेही ‘बा.’ होतं,” टायवाला आवाज उतरवून म्हणाला. “ते मी गाळलं. आपण घरच्यांना सांभाळतो.”

काकांनी तोंड उघडलं. ‘बा. म्हणजे बाहेरगावी हो!’ एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न त्यांना ऐकू आला: मग बाहेरचे कोण, ते तुम्हीच सांगा. आणि पलीकडच्या माणसांची घरं वॉर्डात काकांइतकी कुणाला ठाऊक होती? एकसष्ट माणसं, चोवीस उंबरे. त्यांतला एक त्यांचा स्वतःचा.

काकांनी तोंड मिटलं.

चार दिवस त्यांनी स्वतःला समजावलं. एकशे सेहेचाळीस माणसं पिढ्यानपिढ्या इथली. कार्यालयात जातील, कागद दाखवतील, चार शिव्या हासडतील आणि जेवायला घरी येतील. एकसष्ट मात्र नऊ दिवसांनी परत येतील. हिशेब चोख होता. काकांचे हिशेब चोखच असत. तरी त्या चार दिवसांत शिवणवाल्या बाई रस्त्यात दिसल्या की काका पलीकडच्या फुटपाथवर जात.

शनिवारी दहा वाजता कचेरी भरली. पुढे शिवणवाल्या बाई, हातात नोटीस.

“यादीकाका, मी बाहेरची? अहो, माझ्या आजोबांनी या रस्त्याचे दगड बसवलेत! तुमच्या सुनेच्या लग्नाचे कपडे मी शिवले, तेव्हा नाही दिसले तुम्हाला मी बाहेरची!”

मागून आवाज चढले. आता टायवाल्याची पळता भुई थोडी होणार, असं काकांना वाटलं, आणि वाटून बरं वाटलं. पण तो शांतपणे उठला, बाईंना खुर्ची दिली.

“चूक झाली असेल, ताई. दुरुस्त करायलाच तर बसलोय. तुम्ही इथल्याच ना?”

“मग काय!”

“मग इथलं कोण नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?” त्याने कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे सरकवला. “तुम्ही एक नाव द्या. तुमच्यावरचा अर्ज मी आत्ता मागे घेतो.”

आता ओरडा होईल म्हणून काका थांबले. झाला नाही. मग मागे कुणाची तरी चप्पल सरकली, आणि लोक एकामागे एक उभे राहू लागले. या वॉर्डात बससाठीसुद्धा कधी सरळ रांग लागली नव्हती.

“काका, तुम्ही लिहा,” टायवाला म्हणाला. “तुमचं अक्षर वाचता येतं.”

शिवणवाल्या बाई नोटिशीची घडी घालत होत्या. घातलेली उलगडून पुन्हा घालत होत्या. “तसं माझं कुणाशी वाकडं नाही,” त्या म्हणाल्या. “लिहा. घर नंबर बावीस.”

“बाई, ते माझं घर.”

“तुमचं नाव कुठे घेतलं मी?” त्यांनी वर पाहिलं नाही. “मला काहीतरी द्यावंच लागेल ना, काका. मी एकटी बाई. नऊ दिवस तिथे कशी राहू?”

काका उभे राहिले. खुर्ची मागे पडली. “चूक माझी आहे,” ते रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “‘बा.’ म्हणजे बाहेरचे नव्हेत. बाहेरगावी! गावाला गेलेले! तुमच्यातलं कुणीही बाहेरचं नाही. कुणी कुणाचं नाव देऊ नका. घरी जा.”

रांग हलली नाही. टायवाला हसला, आणि खरोखर मनापासून हसला.

“बाहेरगावी! आधी नाही का सांगायचं, काका? मग तर सगळेच अर्ज मागे घ्यायला हवेत.” त्याने हसणं पुसलं. “फक्त एक अडचण आहे. एकशे सेहेचाळीस हा आकडा साहेबांनी वर कळवलाय. माणसं बदलली तर चालतील. आकडा नाही बदलणार.”

काकांनी पेन टेबलावर ठेवलं. टायवाल्याने ते उचललं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि त्यावर बावीस लिहिलं.

“नाव कसं लिहायचं तेवढं सांगा. त्यांची नावं जरा अवघड असतात.”

काकांनी सुनेचं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर, आणि मधलं एक अक्षर चुकीचं. नाव जुळलं नाही तर अर्ज बाद होतो, हा नियम त्यांना पाठ होता. तेहतीस वर्षांत जाणूनबुजून केलेली ही त्यांची पहिली चूक, आणि ती करताना आवाज जराही कापला नाही.

टायवाल्याने नाव लिहिलं. वाचून दाखवलं. काकांनी मान हलवली.

“छान,” तो म्हणाला, आणि टेबलाच्या खणातून काकांची यादी काढली. “तरी एकदा ताडून घेतो. सगळे म्हणतात, या यादीत चूक सापडायची नाही.”

तो पानं उलटू लागला. सतरा, अठरा, एकोणीस. शिवणवाल्या बाई उठून बाजूला झाल्या, आणि बेकरीवाला पुढे येऊन त्यांच्या खुर्चीत बसला. टायवाल्याचं बोट विसाव्या घरावरून खाली सरकत होतं, आणि पानावरचं अक्षर सुंदर होतं, टपोरं, दिव्याशिवायही वाचता येईल असं.