आत्याबाईंचा गळा

"पाणी प्या," डॉक्टर म्हणाले.

आत्याबाईंनी तांब्या उंच धरला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता धार घशात सोडली. जन्मभर त्या तशाच प्यायल्या. घोटाबरोबर गळ्यातली गाठ वर सरकली, खाली आली. माझ्या लेकीला, विमलला, कडेवर घेऊन मी बघत होते. गाठ आता चांगली सुपारीएवढी दिसत होती.

"कशानं झाली?"

"दोऱ्यानं. घासून घासून," आत्याबाई म्हणाल्या.

वर्षभर आम्ही सगळे दोऱ्यालाच दोष देत होतो. आम्ही लिंगायत, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. सुती दोरा काचतो म्हणून रेशमी केला, मग लांब केला. गाठ वाढतच राहिली. शेवटी उस्मानाबादच्या डॉक्टरांनी सोलापूरला धाडलं. यांना शाळेतून रजा मिळाली नाही. "अव्वाचं तूच बघ," म्हणाले.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"सुनंशी बोलून बसला," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. मग गळा पुन्हा चाचपताना त्यांचं हसू गेलं.

"बायकांच्या गळ्यात अशा गाठी पुष्कळ असतात," ते मला म्हणाले. "बहुतेक निरुपद्रवी. सगळ्या कापत नाही मी."

"मग हीच का?"

"एकटीच आहे, टणक आहे, भराभर वाढली. त्यात आवाज बसला. कॅन्सर असेलच असं नाही, पण नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काढून पाहिल्याशिवाय कळायचं नाही."

"आणि साधीच निघाली तर?"

"तर उगीच कापलं म्हणाल. तेही ऐकून घेईन. मात्र आवाजाची नस गाठीच्या मागूनच जाते. तिला धक्का लागू शकतो."

आत्याबाई आवाजाचं काही बोलल्या नाहीत. "गळा मोकळा करावा लागंल?" एवढंच विचारलं.

"सगळा."

"मग न्हाय जमायचं. मेल्यावरबी उतरत न्हाय लिंग. संगं मातीत जातं."

डॉक्टर बाहेर गेले. विमल आत्याबाईंच्या मांडीवर जायला हात पसरत होती. त्यांनी तिला घेतलं नाही. तोंड भिंतीकडं केलं.

रोज सकाळी मी त्यांची पूजा बघत असे. लिंग डाव्या तळहातावर असे, दोरा बाजूला.

"आत्याबाई, पूजेला तरी ते गळ्यात कुठं असतं? हातातच असतं ना?"

"मग?"

"तसंच हातात ठेवा. वरनं पट्टी बांधू."

त्यांनी डावा तळवा उघडून पाहिला. "इतकी शिकलीस ती ह्याच्यासाठी व्हय," म्हणाल्या आणि विमलला ओढून घेतलं.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. ऑपरेशनच्या सकाळी मी पट्टीचे वेढे देत होते.

"घट बांध. मी झोपले की हातबी झोपंल. आन् गाठ साधी निघाली तर त्या डॉक्टरला बोल लावू नगंस. लई घाबरलाय त्यो."

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "गाठ कापून पाहिली. मला ती कॅन्सरचीच वाटते. नक्की काय ते तपासणीत कळेल. सगळी काढली आहे." मग थांबून म्हणाले, "नस तिला चिकटलेली होती. वाचली नाही."

संध्याकाळी आत्याबाईंना नीट शुद्ध आली. नर्सबाई हाताची पट्टी सोडायला गेली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मी वेढे सोडत गेले. शेवटचा त्यांनी स्वतः काढला. तळव्यावर लिंगाचा गोल ठसा उठला होता.

त्यांनी काहीतरी विचारलं. नुसता श्वास आला. पुन्हा ओठ हलवले आणि थांबल्या. थोड्या वेळानं कपाळावरून तीन बोटं ओढून माझ्याकडं भस्म मागितलं.

सकाळची राहिलेली पूजा त्यांनी पडल्यापडल्या केली. मंत्र मला पाठ होता, म्हणून त्या कुठवर पोचल्या ते ओठांवरून कळत होतं.