एकेचाळिसाव्या पानापासून पुढे

प्रुफं तपासण्यात तीस वर्षं घालवलेल्या शरच्चंद्रांचं डोकं पहिल्याच पानावर फिरलं. नायिकेची साडी वरच्या परिच्छेदात हिरवी, खालच्यात पिवळी! नायक त्याच पानावर चारदा स्तब्ध होतो. अहो, माणूस आहे की विजेचा खांब?

"इंद्रजित, हे असलं आपण छापायचं?" त्यांनी छापखान्याच्या मालकाला विचारलं.

सांगलीच्या खणभागातला हा छापखाना एवढासा, पण इथल्या पुस्तकात चूक सापडत नाही, असं पार साताऱ्यापर्यंत लोक म्हणायचे. ते नाव शरच्चंद्रांनी कमावलेलं. आणि आता दहिवडीचा कोण तो सयाजी, मोटारी दुरुस्त करता करता कादंबऱ्या पाडतो, तो ते नाव मातीत घालणार!

"सर, त्याच्या आधीच्या दोन हातोहात खपल्यात," इंद्रजित म्हणाला. "पण तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई. पानामागं दहा चुका दाखवा, आजच गठ्ठा परत धाडतो."

"दहा? वीस दाखवतो!"

लाल पेन घेऊन ते बसले. चाळीस पानं रंगवून काढली. लेखकाची लबाडी तर उघड दिसत होती. जेवणाच्या डब्यात विष आहे हे आपल्याला ठाऊक, नायकाला नाही. तो झाकण उघडणार, तेवढ्यात फोन वाजतो आणि प्रकरण खलास. पुढचं प्रकरण भलत्याच माणसाचं! कसला हा पोरखेळ, म्हणत त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक.

चहा गार झाला. जेवणाची सुट्टी संपली तरी ते जागचे हलले नाहीत.

चार वाजता इंद्रजितनं गठ्ठा चाळला. "सर, एकेचाळीसपासून पुढं एक खूण न्हाई. एवढं चोख लिहिलंय व्हय त्यानं?"

शरच्चंद्रांनी पानं ओढून घेतली. एकेचाळीसच्या पहिल्याच ओळीत नायक पुन्हा स्तब्ध. पासष्टवर मेलेला हवालदार ऐंशीवर भजी खात होता. दीडशे पानांत त्यांना काही म्हणता काही दिसलं नव्हतं! लाजेनं त्यांचे कान तापले. सयाजीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"मग? धाडू परत?"

"शेवटची सोळा पानं कुठायत?"

"त्यांची प्रुफं उद्या निघतील. पण परतच धाडायचं तर..."

"छाप बाबा, छाप! हरलो मी. एकेचाळीसपासून पुन्हा तपासून देतो," शरच्चंद्र वैतागून ओरडले. "पण तू वाचलंयस ना? तो डबा खाल्ला कुणी, ते आधी सांग!"

इंद्रजितनं तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"उचललास तर बघ!"