हात हलवायचा नाही

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, नुसतं ऐक. आमच्या गल्लीत विल्फ हेपल म्हणून एक जण राहतो. इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमकडची आमची ती जुनी खाणकामगारांची विटांची घरं, त्यातलं शेवटून दुसरं घर त्याचं. आयुष्यभर बस चालवली, आता रिटायर झालाय, आणि त्याचा सगळा जीव लीकमध्ये. लीक म्हणजे कांद्याची पात तालमीत जाऊन आली तर जशी दिसेल ना, तशी. सप्टेंबरात क्लबमध्ये लीकचं प्रदर्शन असतं, आणि आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तरी चालतं, पण त्याला जावंच लागतं. दरवर्षी सगळ्यात जाड लीकचा कप कोणाला? क्लबातल्याच कथबर्टला. विल्फला एकदाही नाही. त्याचं एवढंच म्हणणं, की मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्या कपावर 'हेपल' असं कोरलेलं बघायचंय.

आता त्याचा लीकचा वाफा कुठे, तर मागच्या बागेत, शेजारणीच्या कुंपणाला अगदी चिकटून. त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षं शेणखत घालून घालून तिथली माती अशी केलेली की हातात घेतली तर केकसारखी भुसभुशीत. बाकी सगळी बाग म्हणजे विटांचे तुकडे आणि खाणीतल्या कोळशाचा चुरा. त्यामुळे वाफा तिथेच, दुसरीकडे हलवायचा प्रश्नच नाही.

शेजारीण म्हणजे मिसेस चार्लटन. नवरा गेल्यावर एकटीच इथे राहायला आली. शांत बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. रोज सकाळी गाऊनवर बागेत खुर्ची टाकून चहा प्यायची. आणि विल्फच्या स्वयंपाकघरातलं सिंक नेमकं खिडकीपाशी, खिडकी नेमकी तिच्या बागेकडे. पहिल्याच दिवशी हा पिवळे रबरी हातमोजे घालून कपबश्या विसळतोय, ती चहा पितेय, नजरानजर झाली. आता नजर मिळाल्यावर काय करणार? याने हात हलवला. तिनेही हलवला. दुसऱ्या दिवशी न हलवावा, तर तिला वाटणार कालच्यात काही चुकलं. म्हणून परत हलवला. झालं, रोजचंच होऊन बसलं.

मग एक दिवस मिसेस चार्लटन दारात आली. म्हणाली, मी विचार करत होते की मध्ये जरा झाडं लावावीत, लेलँडी म्हणून असतात ती, छोटीशीच आहेत, तुम्हाला चालेल ना? आता बघ, ते झाड म्हणजे सुरूच्या झाडाला भूत लागल्यासारखं वाढतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तोंडातून काय निघालं?

"अहो चालेल काय, छानच दिसेल."

ती गेल्यावर बायको, नोरा, आतून म्हणाली, वाफ्यावर सावली पडेल हे सांगायला काय धाड भरली होती? विल्फ म्हणाला, बाई एवढी नम्रपणे विचारायला आलेली, तिला नाही कसं म्हणायचं?

भीड भिकेची बहीण, दुसरं काय. पहिल्या वर्षी झाडं गुडघ्याएवढी होती. मग कमरेएवढी. मग एक दिवस विल्फने मान वर केली तर ती त्याच्या छपराच्या पन्हळीशी गप्पा मारत होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते इथे अक्षरशः झालं. वाफ्यावर ऊन किती, तर चहाचा कप संपेपर्यंत. लीक अशी बारीक की प्रदर्शनात कथबर्टने विचारलं, काय रे, या वर्षी सुपावर भुरभुरायला आणलीस का?

तुला वाटेल, मग फांद्या कापायच्या. कापल्या की! आपल्या बाजूला आलेल्या फांद्या कापायचा हक्क असतोच. पण कापलेल्या फांद्या झाडाच्या मालकाच्या, त्या आपल्याजवळ ठेवायच्या नाहीत, असा इथला रिवाज. दुसरा कोणी असता तर कुंपणावरून भिरकावून मोकळा झाला असता. विल्फने त्यांच्या नीट मोळ्या बांधल्या, सुतळीची गाठ मारली आणि तिच्या दारात नेऊन ठेवल्या, वर घंटा वाजवून माफी मागितली, तुमच्या झाडाला हात लावला म्हणून. तिला इतकं ओशाळं वाटलं की संध्याकाळी ती गरम स्कोन, ते गोडसर जाड बन असतात ना ते, आणि घरचा जॅम घेऊन आली. आता जिचे स्कोन खाल्ले तिच्या झाडाविरुद्ध तोंड कसं उघडायचं? पुढच्या वेळी पुन्हा मोळ्या, पुन्हा स्कोन. नोरा म्हणायची, ऊन गेलं ते गेलंच, वर याचं पोट सुटलं.

कौन्सिलकडे तक्रार करता येते, म्हणून तो एकदा तिथेही जाऊन आला. तिथल्या मुलीने सांगितलं की आधी शेजाऱ्यांशी समोरासमोर बोला, मग आमच्याकडे या. विल्फ तडक घरी परतला. म्हणाला, शेजाऱ्याशी बोलता आलं असतं तर बस पकडून कौन्सिलमध्ये कशाला गेलो असतो?

आणि मग यंदा त्याने काय केलं असेल? वाफ्यातली माती काढली, एकचाकी ढकलगाडीत भरली, त्यात चांगल्यातली चांगली लीक लावली आणि निघाला उन्हामागे. सकाळी गल्लीच्या त्या टोकाला, दुपारी पोस्टाच्या पेटीपाशी, चार वाजता चर्चच्या भिंतीला. स्वतः शेजारी घडीची खुर्ची टाकून बसायचा. आमच्या त्या वाऱ्यात ढग आला की उठायचा, ऊन पडलं की पुन्हा गाडी ढकलायला लागायचा. लोक काय म्हणणार, छान हवा आहे ना विल्फ, म्हणून पुढे जायचे. ढकलगाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एकटा कथबर्ट थांबला, गाडीत वाकून बघितलं आणि म्हणाला, अगदी वडिलांवर गेलंय हं बाळ.

शेवटी एकदा मिसेस चार्लटन बाजाराची पिशवी घेऊन समोरून आली. थबकली. लीककडे बघितलं, विल्फकडे बघितलं, आणि हळूच विचारलं की यांना असं बाहेर का आणलंय. अरे, देवाने संधी अशी ताटात वाढून दिली होती. सांगायचं ना, की बाई, तुमच्या झाडांनी माझं ऊन खाल्लं. हा म्हणाला,

"काही नाही, त्यांना जरा फिरून आलं की बरं वाटतं."

ती बिचारी तशीच थेट नोराकडे गेली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुम्हाला कसं सांगू कळत नाही, पण विल्फना डॉक्टरांना दाखवायला हवं, ते भाज्यांना फिरायला नेतायत. नोराने तिला आत बसवलं, किटली ठेवली आणि गल्लीत जाऊन नवऱ्याला ढकलगाडीसकट घरी आणलं. दोघांना टेबलाशी समोरासमोर बसवून म्हणाली, आता एक तर तू बोल, नाहीतर मी बोलते, आणि मी बोलले तर कोणालाच स्कोन गोड लागणार नाही.

विल्फ बोलला. चहाच्या कपाकडे बघत, कान लालबुंद करून, पण बोलला. वाफा, वडिलांची माती, ऊन, क्लबातला कप, सगळं. मिसेस चार्लटनने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, एवढंच होतं तर लावतानाच का नाही बोललात? आणि मग तिचेही कान लाल झाले. म्हणाली,

"मी तरी ती झाडं हौसेने लावली का? तुमच्या हात हलवण्यामुळे लावली."

विल्फला काही कळेना. मग सगळं बाहेर आलं. तिला सकाळचा तो एक चहा कोणाशी न बोलता, कोणाकडे न बघता प्यायचा असायचा. दिवसभरात तेवढाच वेळ, नवऱ्याची आठवण काढायचा. आणि हा रोज पिवळा मोजा हलवायचा. तिला कप खाली ठेवून हात हलवावा लागायचा, हसावं लागायचं, नाहीतर याला वाईट वाटेल. पाऊस पडला की तिला सुटल्यासारखं वाटायचं. विल्फ म्हणाला, अहो, पण मी तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हलवत होतो, माझी रोज कोपरापर्यंत बाही भिजायची. नोराने टेबलावर डोकं टेकलं.

मग तह झाला. झाडं छातीएवढी कापायची. आणि विल्फने पुन्हा हात हलवायचा नाही. बघायचंही नाही. मिसेस चार्लटनने शांतपणे पण ठासून सांगितलं की एकदा जरी हात हलला तरी मी झाडं पुन्हा वाढू देईन, आणि ती किती पटापट वाढतात ते तुम्ही बघितलंच आहे. विल्फ म्हणाला, कबूल. कापणारी माणसं आली, आधी पाखरांची घरटी आहेत का ते चाचपलं, एक जुनं रिकामं निघालं, मग करवती सुरू झाल्या. गाडीतली लीक परत वाफ्यात गेली, आणि संध्याकाळपर्यंत वाफ्यावर असं ऊन सांडलं, असं सांडलं, की विल्फ चक्क लीकच्या शेजारी मातीत बसला. रात्री नोराला म्हणाला, या वर्षी कथबर्टची खैर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळ. विल्फ सिंकपाशी उभा, पिवळे मोजे घातलेले, मान खाली, फक्त बश्यांकडे बघतोय. समोर कुंपणापलीकडे मिसेस चार्लटन खुर्चीत, गाऊनवर, दोन्ही हातांत कप. खाली वाफ्यावर लख्ख ऊन. सगळं कसं सुरळीत. आणि त्याच्या हातून बशी निसटली. फुटली नाही, पण खणकन वाजली, तिने दचकून वर बघितलं, यानेही बघितलं. नजरानजर झाली. ती हसली नाही, हलली नाही, नुसती बघत राहिली. आणि विल्फचा हात, अरे त्याने काही ठरवलं नव्हतं, हात आपला आपणच पाण्यातून निघाला, खांद्यापर्यंत वर आला, कोपरावरून फेस ओघळतोय, मागून नोरा दबक्या आवाजात म्हणतेय, विल्फ, नाही, विल्फ, खाली ठेव. तिकडे ती कप धरून थांबलेली, इकडे लीकवर ऊन, आणि हात मधेच हवेत.

आता सांग, तू असतास तर काय केलं असतंस?