बहरीनची फेरी

आमिना परदेश फिरते, हे हर्णैत सगळ्यांना ठाऊक होतं. दर तीन महिन्यांनी बहरीन! मागे निळा समुद्र, शेजारी काळा चष्मा लावलेला नवरा सिराजुद्दीन. फोटो गेला की गावच्या बायका लिहायच्या, "मज्जा आहे बाई तुझी!" मज्जा कसली डोंबलाची! सौदीत दम्मामला मुलाकडे राहायचं तर भेटीचा व्हिसा, आणि त्या व्हिसावर तीन महिन्यांतून एकदा देशाबाहेर पाऊल टाकून यावं लागतं, नाहीतर दंड. म्हणून उमैर आईबापाला गाडीत घालायचा, समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून बहरीनला न्यायचा, जेवू घालायचा आणि दिवस मावळायच्या आत परत आणून चौथ्या मजल्यावर सोडायचा. संपला प्रवास.

रिटायर झाल्यावर तुला युरोप दाखवतो, असं सिराजुद्दीनने कबूल केलं होतं. जेद्द्याला त्याच्यासोबत काम केलेला दत्ताराम खरोखरच बायकोला घेऊन जर्मनीत लेकाकडे राहायला गेला. आज या गावी, उद्या त्या गावी. आगगाडीच्या खिडकीशी बसून कॉफी पितानाचे दोघांचे फोटो यायचे. आमिना ते चपात्या लाटता लाटता बघायची. सून मेहनाज नर्स, तिच्या ड्यूट्यांना ताळतंत्र नाही. लाइबा आणि अफनान शाळेतून आले की त्यांचं खाणंपिणं, आंघोळी, रुसवेफुगवे सगळं दादीकडे. दादी मराठीत ओरडायची, नातवंडं इंग्रजीत उलट बोलायची. खाली उतरावं तर ऊन, बोलावं तर बोलायला माणूस नाही. सिराजुद्दीनचं मात्र झकास चाललं होतं. सकाळी मशीद, मग कोपऱ्यावरच्या मल्याळ्याच्या दुकानात गप्पांचा फड, दुपारी ताणून झोप.

हेही तिने निभावलं असतं. पण हर्णैत तिची थोरली बहीण मुन्नीआपा अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. आई लहानपणीच गेल्यावर याच आपाने आमिनाला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. आता तिची वाचा अर्धी गेली होती, तरी दाराचा आवाज झाला की विचारायची, "आमिना आली?" भाची फोनवर सांगताना रडायची. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आमिनाला दुसरं काही नको होतं. आपा आहे तोवर तिच्या उशाशी बसायचं होतं.

मग सरळ मुलाला सांगायचं ना? पण या घराची रीत निराळी. बाप तीस-बत्तीस वर्षं आखातात, त्यामुळे मोठी गोष्ट असली की ती आधी फोनवर बापाला सांगायची आणि बाप मुलाशी बोलणार. बाप घरात येऊन बसला तरी रीत काही मोडली नाही. आमिना नवऱ्याला म्हणायची, "अहो, मला जायचंय, उमैरला सांगा." संध्याकाळी उत्तर यायचं, "नाही म्हणतो. पोरांच्या परीक्षा होऊ देत." मग सुट्टीनंतर बघू. मग मेहनाजची ड्यूटी बदलू दे. आमिना गिळून टाकायची. पोटचा पोर इतका कसा दगड झाला, म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

त्या शुक्रवारीही तिघं बहरीनच्या मनामा शहरात जेवायला बसले होते. उमैरने आईच्या ताटात माशाची तुकडी वाढली आणि म्हणाला, "अम्मी, मुन्नीखाला कशी आहे गं? मी दर वेळी अब्बांना म्हणतो, इथूनच मुंबईचं विमान धरा, मी तिकीट काढतो. पण तुझाच पाय निघत नाही पोरांना सोडून."

आमिनाच्या हातातला घास हातातच राहिला.

"कोण म्हणालं?"

"अब्बाच तर सांगतात."

ती नवऱ्याकडे वळली. सिराजुद्दीन लिंबू पिळत बसला होता. त्या लिंबात आता थेंब उरला नव्हता, तरी पिळत होता.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"तिथे जाऊन मी काय करू?" तो एकदम तडकला. "तुझी माणसं आहेत तिथे. माझं कोण आहे? एसटीतून उतरलो की जो तो विचारतो, कधी आलात? आणि लगेच, परत कधी जाणार? मशिदीत तेच, बाजारात तेच. माझ्याच गावात मला कुणी 'राहा' म्हणत नाही, आमिना! आणि तू गेलीस तर इथे तरी माझं काय?"

आमिनाला त्याची कीव आली, आणि त्याच दमात त्याच्या तोंडावर पाण्याचा पेला रिकामा करावासा वाटला. तिने मुलाकडे पाहिलं. "ऐकलंस ना? काढ तिकीट."

उमैरचा चेहरा पडला. त्याने फोन उचलला, पुन्हा ठेवला. "अम्मी, काढतो ना. पण आज एकदम... रविवारपासून मेहनाजची नाइट आहे. पोरांना कोण बघणार? पुढच्या फेरीला नक्की. अल्लाशप्पथ."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक खोटं बोलत होता आणि दुसऱ्याला ते सोयीचं पडत होतं. दोघांपैकी एकानेही तिला कधी विचारलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. "माझा पासपोर्ट द्या."

सगळ्यांचे पासपोर्ट सिराजुद्दीनच्या गळ्यातल्या पाकिटात असायचे. त्याचा हात आपसूक त्या पाकिटावर गेला. "अंगावरच्या कपड्यांनिशी जाणार? वेड लागलंय का?"

"आपाचे कपडे होतात मला." तिचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "तुमचा बाप मेला तेव्हा तुमच्या अरब मालकाने, त्या कफीलने, तुमचा पासपोर्ट दिला नव्हता. फोनवर लहान पोरासारखे रडला होतात तुम्ही. मला म्हणाला होतात, आमिना, माणसाला असं कोंडून ठेवणाऱ्याला अल्ला बघून घेईल. आठवतंय? आता माझा पासपोर्ट कोणाच्या गळ्यात आहे?"

 सिराजुद्दीनने पाकिटाची चेन उघडली. तिचा पासपोर्ट निघाला, त्याला चिकटून त्याचाही निघाला. क्षणभर दोन्ही त्याच्या हातात होते. तिने वाट पाहिली; खरंच पाहिली. त्याने आपला पुन्हा आत सरकवला.

उमैर फोनवर तिकीट बघायला लागला. संध्याकाळचं विमान मिळालं. विमानतळावर तो गाडी लावायला गेला, तेव्हा नवराबायको काचेच्या दाराशी उभी राहिली.

"गावात विचारतील," सिराजुद्दीन खाली बघत म्हणाला. "एकटीच कशी आलीस म्हणून. काय सांगशील?"

आमिनाने ओढणी सारखी केली.

"जे मी इतकी वर्षं सांगत आले तेच," ती म्हणाली. "सांगेन, त्यांना सुट्टी मिळाली नाही."