पितरांना नोटीस

सोल्गोक गावातले सगळे मेलेले एक जानेवारीला टेकडी उतरून घरी आले आणि उपाशी परत गेले. जपानी राजवटीतल्या गावकचेरीच्या दप्तरात अशी कुठलीही नोंद नाही. त्यामुळे असं काही घडलंच नाही, असं आपणही धरून चालू.

यांग बोम-सोक त्या कचेरीत कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, उजव्या पायाने लंगडणाऱ्या बापाने हयातीत छड्या मारून घोटून घेतलेलं. त्या डिसेंबरात जपानी साहेब कुरिहारा यांचा हुकूम निघाला: यापुढे नवं वर्ष एक जानेवारीलाच. चंद्राच्या पंचांगाचं जुनं नववर्ष बंद.

गावातले वयोवृद्ध नो आजोबा कचेरीत येऊन कमरेत वाकले. "साहेब, आमची काही हरकत नाही हो. पण पितर जुन्याच तारखेला जेवायला येतात. त्यांना कोण सांगणार?"

मागे उभे असलेले लोक खाली बघून खोकले.

कुरिहारा हसले नाहीत. "यांग, त्यांनाही नोटीस लाव."

"मेलेल्यांना, साहेब?"

"राहतात ना आपल्या हद्दीत?"

बोम-सोकने जुन्या लोकांना वाचता यावी म्हणून चिनी लिपीत, अहो-जाहो घालून नोटीस लिहिली आणि थडग्यांच्या टेकडीवर पहिल्याच पाइनच्या झाडाला ठोकली. गाव आठवडाभर हसलं.

एक जानेवारीला गावाने मुद्दाम काहीच केलं नाही. राळ्याची पेज पिऊन जो तो कामाला लागायच्या बेतात होता. दारं उघडली, तर बर्फात पावलं. टेकडीवरून खाली आलेली, प्रत्येक उंबऱ्याशी थांबलेली, परत फिरलेली. बोम-सोकच्या दारातली पावलं उजवा पाय ओढत आली होती.

"कोण आलं होतं, आई?"

"कोण येणार! जन्मात कधी वेळेवर जेवायला आला नाही तो माणूस. मेल्यावर सरकारची वेळ पाळतोय." आईने झाडू उचलला, पण त्या पावलांवरून फिरवला नाही.

कुरिहारांनी पावलं पाहिली आणि म्हणाले, "ससे." गवती जोडे घालणारे ससे बोम-सोकने कधी पाहिले नव्हते. पण तो पगारी माणूस होता.

जुनं नववर्ष आलं तेव्हा पोलिसांनी गिरणीला कुलूप ठोकलं. बायकांनी उखळाखाली गोधड्या अंथरून, आवाज न करता तांदूळ कांडले. सकाळी आईने पान मांडलं: तांदळाच्या वड्यांचं सूप, सुका मासा, घरची दारू. वाडग्यावरचं झाकण काढलं. जेवणाऱ्याला संकोच नको म्हणून रिवाजाप्रमाणे दोघं पाठ फिरवून बसली. दरवर्षी अशा वेळी कागदी दार जरासं थरथरायचं. आज काहीच नाही. अंगणातलं बर्फ कोरं.

"आला नाही," आई म्हणाली.

"येईल गं."

"कसा येईल? तुझं अक्षर ओळखतो तो. पोराने लिहिलंय म्हटल्यावर खरंच मानणार. जा, काढ ती नोटीस."

बोम-सोक धावतच टेकडीवर गेला. वाटेत दारादारांतून माणसं पाठ फिरवून बसलेली दिसली, आणि त्यांच्यामागे गार होत चाललेली सुपं. त्याने नोटीस टराटरा फाडली. थडग्यांकडे तोंड करून, "चला, या," असं ओरडलाही. कोणी हललं नाही. पण ती नुसती सामसूम नव्हती. पुष्कळ माणसं रांगेत शिस्तीने थांबली की होते, तशी ती शांतता होती.

मग त्याच्या लक्षात आलं. कचेरीच्या खिडकीतून रोज तोच लोकांना सुनावायचा: हुकूम फाडून रद्द होत नाही बाबा, त्याला दुसरा हुकूम लागतो.

तो तसाच कचेरीत गेला, शाई उगाळली आणि होतं नव्हतं तेवढं चांगलं अक्षर काढून लिहू लागला:

"विषय: मृत इसमास घरी येण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचे वडील मयत असून शासनाच्या आदेशाचे काटेकोर पालन करीत आहेत. तरी सदर इसमास जुन्या नववर्षदिनी एका जेवणापुरती सूट देण्यात यावी. अर्जदाराची आई सूप पुन्हा पुन्हा गरम करीत असून घरातील सरपण आज दुपारपर्यंतच पुरेल. सबब, निर्णय त्यापूर्वी कळवावा, ही नम्र विनंती."