आवाज आला तरच ताट

"आवाज नाही आला!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"अगं, येतोय! हात तरी धुऊ दे."

"हाताचं कोण विचारतंय? लॉकचा आवाज!"

गॅरेजमध्ये पंप घुरघुरला. मग टक्क. एक खांब. पुन्हा टक्क, दुसरा. तेव्हा कुठे मी ताट वाढलं. ही माझी अट होती. लिफ्टवर टांगलेली गाडी नुसत्या पंपातल्या तेलाच्या जोरावर सोडून जेवायला यायचं नाही. लोखंडी लॉकवर बसवायची, मगच घास.

आमचे हे बस डेपोत मेकॅनिक होते. सगळे 'जॅक' म्हणायचे. बसखाली सरपटून सरपटून गुडघ्यांची वाट लागली आणि निवृत्तीनंतर हे घरात बसून पंख्याकडे बघायला लागले. चिडचिड तर विचारू नका. शेवटी लेकीने घरच्या गॅरेजात दोन खांबांची लिफ्ट बसवून घ्यायला लावली. गाडी वर, माणूस खाली ताठ उभा. हे पुन्हा शीळ घालायला लागले.

आणि मग भूकंपाचा तो पहिला धक्का बसला. लहानसाच होता, पण लिफ्टवरची गाडी झोपाळ्यासारखी डुलली. खांबांच्या बुडाशी फरशी तडकली होती. लेक बांधकामावर इंजिनिअर. तिने येऊन जमिनीला भोक पाडून पाहिलं.

"बाबा, वरून गुळगुळीत आहे, पण आत काँक्रीट जेमतेम चार बोटं. बोल्ट धरणार कशाला?"

यांनी त्या भोकात बोट घालून बघितलं. बोल्ट यांनी स्वतः आवळले होते. पण ज्या जमिनीवर जन्मभर बसगाड्या उभ्या केल्या, ती डेपोची होती. जमीन पातळ असू शकते, हे यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लिफ्ट काढून टाकू," लेक म्हणाली.

खरं तर मीच म्हणत होते, काढा ते भूत, मी त्या गॅरेजात पाऊल टाकणार नाही. पण यांचा चेहरा पाहिला आणि माझ्याच तोंडून निघालं, "लिफ्ट कशाला काढता? जमीन बदला की!"

झालं! गॅरेज खणलं. दोन्ही खांबांखाली सळ्यांची जाळी, वर जाडजूड काँक्रीट. ते वाळेपर्यंत हे बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा फेऱ्या घालत होते. लेकीच्या परवानगीने लांब बोल्ट बसले. मग प्रत्येक नटापासून खालच्या पट्टीपर्यंत यांनी एक लाल रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसणार. रंग कुठला? माझं नेलपॉलिश. न विचारता!

तर त्या दुपारी लिफ्टवर शेजारच्या नर्सबाईंची गाडी होती. ब्रेकचं काम झालेलं, चाकं तेवढी बसवायची राहिलेली. पहिला घास तोंडात आणि घर हललं. थांबेचना! आम्ही टेबलाखाली. कपाट आडवं झालं, ताटं खळाखळा फुटली.

"लॉक लावलाय," हे म्हणाले.

"ऐकलंय मी! डोकं आत घ्या!"

थांबल्यावर आधी अंगणात पळालो. तोच नर्सबाई धावत आल्या, गणवेशाची बटणं लावत. "जॅकभाऊ, हॉस्पिटलात बोलावलंय सगळ्यांना. गाडी?"

आम्ही गॅरेजच्या दारात गेलो. डबे, पाने, तेलाची बाटली, सगळं जमिनीवर. आणि मध्ये खांब ताठ. गाडी जागच्या जागी.

"थांबा," हे म्हणाले. "नट बघितल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि वाकायला गेले. गुडघ्यांनी नकार दिला. भिंत धरून तसेच उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी साडीचा पदर खोचला. ज्या गॅरेजात पाऊल टाकणार नव्हते, तिथे गुडघे टेकून बसले. बॅटरीच्या उजेडात एकेक रेघ बघितली. एका खांबाभोवती फिरले, मग दुसऱ्याभोवती.

"बोल की!"

"सगळ्या अखंड आहेत हो! एकही तुटली नाही!"

असा ओरडला माणूस, की बाहेरचे शेजारी दचकले. वीज होती, हे नशीब. चाकं चढली, नट मी हातात देत गेले. पंप घुरघुरला, गाडी लॉकवरून सुटली आणि अलगद जमिनीला टेकली. नर्सबाईंनी ब्रेक दाबून पाहिला, माझा हात घट्ट धरला आणि गाडी भुर्रकन गेली.

लेकीचा फोन आला. "बाबा कसे आहेत?"

"शीळ घालतायत," मी सांगितलं.

घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. काचा लोटून एक कोपरा मोकळा केला. ताट एकही उरलं नव्हतं.

"भूक लागलीय गं," हे गॅरेजातून म्हणाले.

मी गॅरेजच्या दाराशी गेले. कान पुढे करून उभी राहिले. यांना कळलं. रिकामीच लिफ्ट जराशी वर गेली.

टक्क. टक्क.

मी पातेल्याच्या झाकणात वाढलं.