मोगऱ्याचा वास विचारणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. लाल रंगाचा, बटणांवरचे आकडे झिजलेला. शेणवे गावातल्या एका घरात माझी तार जोडली गेली, तेव्हा रेश्माने मला हळदकुंकू लावलं होतं.

रेश्मा हळदीची गाणी गायची. शहापूरपासून मुरबाडपर्यंत लग्नाच्या मांडवांत तिच्या कॅसेटी वाजत. गाण्याच्या सुपाऱ्या माझ्यावरूनच येत. तिचा नवरा कुंडलिक भातसानगरला धरणावर कामाला होता. घरी सासू, शकूबाय.

एका वर्षी एक नवा आवाज आला. हळू, गोड. "ताई, काल काय गायलात!" रेश्मा खूश झाली. मग तो रोजच येऊ लागला. ताईची नुसती रेश्मा झाली. एकदा त्याने विचारलं, "आज मोगरा नाय माळलास? कालच्या वेणीचा वास अजून येतो का गो केसांना?"

रेश्माचा हात केसांकडे गेला. दारं-खिडक्या बंद होत्या.

तिने कुंडलिकला सांगितलं. तो हसला. "अगं, चाहता हाय तुझा. नाव झालं की असं व्हायचंच."

मित्रांनो, मला कान आहेत, तोंड आहे, पण स्वतःचं बोलणं नाही. तो आवाज माझ्यातूनच जायचा आणि मला तो गिळता येत नव्हता. पुढे तो म्हणाला, "मांडवात लोकांसाठी गायचं बंद कर. नायतर गळाच राहणार नाय."

एका दुपारी मी वाजलो. शकूबाय मागच्या अंगणात कोंबड्यांना "आ, आ" करून बोलावत होती. रेश्माने मला कानाला लावलं आणि ती थिजली. तीच "आ, आ" माझ्या तारेतूनही येत होती.

तो मोबाइलवरून बोलत होता. घराच्या मागूनच.

रेश्माने फोन ठेवला नाही. "बोला ना," ती म्हणाली. आवाज कापू दिला नाही. शकूबाय आत येताच तिने ओठांवर बोट ठेवून मागे खूण केली. म्हातारी पुढच्या दाराने गेली आणि शेजारच्या गणूला नि आणखी चार जणांना घेऊन आली.

पेंढ्याच्या उडवीआड चंदर सापडला. प्रत्येक हळदीला रेश्माच्या हातात माइक देणारा, मांडवात कधी एक शब्द न बोलणारा चंदर! त्याच्या पिशवीत तिने टाकून दिलेल्या, वाळलेल्या मोगऱ्याच्या वेण्या होत्या. त्याखाली धार लावलेला विळा.

लोक त्याच्यावर धावले. "हात नका लावू," रेश्मा म्हणाली, "पोलिसांना बोलवा." पुढे त्याला शिक्षा झाली.

चंदर सापडला त्या संध्याकाळी कुंडलिक तिच्या शेजारी बसला. "तू सांगत व्हतीस, आन मी हसलो."

एक लग्नसराई ती गायली नाही. पुढल्या वर्षी मुरबाडला पुन्हा उभी राहिली, पण गाताना तिची नजर मांडवाच्या कडेकडेने फिरत होती, असं शकूबायने घरी सांगितलं. माझी घंटा तिला सोसेना, म्हणून मी माळ्यावर गेलो. माझा तिच्यावर राग नाही.

मित्रांनो, कुणाचं गाणं तुम्हाला आवडलं, म्हणून ते माणूस तुमचं होत नाही. आणि कुणी घाबरून काही सांगितलं तर हसू नका. पहिल्याच वेळी उठा आणि मागचं दार उघडून बघा.